दुसऱ्या सहीची जागा

१

मंगळवार, ८ नोव्हेंबर १९९४. पहाटेपासून पश्चिमेचा बारीक पाऊस, वारा बेताचा, खाडीपलीकडचे डोंगर दिसत नाहीत.

डिटेक्टिव्ह सार्जंट डूगल लॅमंटच्या वहीत त्या दिवसाची पहिली ओळ अशी होती. गेली चोवीस वर्षं त्याच्या वहीचं प्रत्येक पान हवामानानंच सुरू व्हायचं. पोर्ट आर्डलच्या पोलीस ठाण्यात त्यावरून त्याची टिंगल व्हायची. "लॅमंट, उद्या कपडे वाळत घालू का रे?" असं कुणीही जाता-येता विचारायचं. तो मनावर घेत नसे. जे दिसलं ते लिहावं, जे दिसलं नाही ते लिहू नये, एवढीच त्याची शिस्त होती, आणि पाऊस तर सगळ्यांनाच दिसतो.

दहा वाजून दहा मिनिटांनी तो हार्बर स्ट्रीटवरच्या एका जुन्या दगडी इमारतीचे तीन मजले चढून मिसेस डॉखर्टच्या दारात उभा राहिला. म्हातारी एक्क्याऐंशी वर्षांची होती. दिवसभर खिडकीत बसून असायची. अकरा दिवसांपूर्वी, शुक्रवारी संध्याकाळी, मासळीच्या शेडमधून सुटलेली ऐली रेनिक ही एकोणीस वर्षांची मुलगी घरी पोचली नव्हती. आणि शेड या खिडकीतून दिसायची.

"या, या," म्हातारीनं दार उघडलं. "पाय पुसा दोघंही. आत्ताच फरशी पुसलीय मी."

लॅमंटनं पाय पुसले. त्याचा नवा जोडीदार वुली बार पाठदुखीनं घरी पडला होता आणि निम्मं ठाणं तापानं फणफणलं होतं, म्हणून आज तो एकटाच आला होता. पण पोलीस इथं नेहमी जोडीनं येतात. म्हातारीच्या तोंडात ते बसलं असणार.

स्वयंपाकघरात किटली शिट्टी देत होती. म्हातारीनं तीन कप मांडले. एक स्वतःपुढे, एक लॅमंटपुढे, एक त्याच्या डावीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

"टॉशची कोळशाची गाडी मी ओळखते," ती म्हणाली. "ग्रेगर टॉशची. मागचा दिवा फुटलेला आहे तिचा. पोरगी शेडच्या कोपऱ्यावर उभी होती. गाडी थांबली, ती चढली. साडेपाचला. घड्याळ तिथंच आहे, ते बघा."

"ती आपणहून चढली?"

"पाऊस होता हो. पावसात कोण नाही म्हणतं?"

लॅमंटनं शब्द न् शब्द उतरवून घेतला. म्हातारीनं साखरेचं भांडं उघडलं, त्याच्याकडे न बघता रिकाम्या खुर्चीपुढच्या कपात चमचा घातला. एकदा, दोनदा. मग थबकली, खुर्चीकडे पाहून किंचित हसली आणि तिसरा चमचा घातला.

"गारठलीय बिचारी," ती म्हणाली.

लॅमंटची पेन्सिल वहीवर टेकलेलीच राहिली.

२

त्या मुलखात एका माणसाचा शब्द कोर्टात चालत नाही. माणूस कितीही सरळ असो, त्यानं पाहिलेल्या गोष्टीला दुसरा आधार लागतो. म्हणून पोलीस दोघं जातात, दोघं ऐकतात आणि वहीत एकाच्या नोंदीखाली दुसरा सही करतो. ठाण्याच्या बोलीत या जोडीदाराला शेजारी म्हणतात. "तुझा शेजारी कुठाय?" हा तिथला सगळ्यात पहिला प्रश्न असतो.

नऊ वर्षं लॅमंटची शेजारीण शीना गिलिस होती. उंच, मोठ्या आवाजाची, चहात तीन चमचे साखर घालणारी बाई. तिच्या डाव्या बुटातून चालताना बारीक कुईं असा आवाज यायचा. लॅमंट दर हिवाळ्यात म्हणायचा, "शीना, बूट बदल." ती म्हणायची, "का रे? आवाज आला नाही तर तुला कळायचं कसं मी मागं आहे म्हणून?"

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीच्या सतरा तारखेला मुसळधार पाऊस होता. ग्रेगर टॉशच्या दारात कोर्टाचा एक कागद द्यायचा होता, बस्स. टॉश चौथ्या मजल्यावर. लॅमंटच्या मांडीवर गरम सॉसेज घातलेला पाव होता, कागदातून वाफ येत होती.

"तू खा," शीना म्हणाली. "कागदच तर द्यायचाय. दोन मिनिटांत आले."

"थांब, मी येतो."

"बस रे म्हाताऱ्या. थंड होईल."

आणि तो बसला. पाव संपला तरी ती आली नाही म्हणून तो आत गेला, तेव्हा ती जिन्याच्या तळाशी पडलेली होती. वरच्या कठड्यावरून टॉश वाकून बघत होता. "पाय घसरला हो तिचा," तो म्हणाला. "पायऱ्या ओल्या आहेत."

पाहणारा टॉश एकटाच होता. त्याचा शब्द खरा म्हणायला दुसरा नव्हता, खोटा म्हणायलाही नव्हता. चौकशीत लॅमंटला विचारलं गेलं, "त्या वेळी सार्जंट गिलिस यांच्याबरोबर कोण होतं?" त्यानं उत्तर दिलं, "कुणी नाही. ती एकटी होती." ते वाक्य कागदावर उतरलं, त्याखाली त्यानं सही केली आणि प्रकरण मिटलं.

आठ महिन्यांनी ऐली रेनिक त्याच टॉशच्या गाडीत चढली होती.

लॅमंट म्हातारीकडून निघाला तेव्हा त्यानं मनाची समजूत घातली. म्हातारी माणसं तीन चमचे साखर घालतातच. तिचा कुणीतरी गेलेला असेल, त्या खुर्चीत बसत असेल. जिना उतरताना मात्र तो दुसऱ्या मजल्यावर थांबला. त्याचे पाय थांबल्यावर मागून आणखी एक पाऊल पडलं. फक्त एक. मग शांतता.

जुन्या इमारतीत आवाज घुमतात. तो घाईघाईनं खाली उतरला.

३

ठाण्यात संध्याकाळी दिव्याखाली बसून त्यानं नोंद पुन्हा वाचली. ती नीट होती. खाली त्याची सही होती. शेजारी दुसऱ्या सहीची जागा कोरी होती, कारण तो एकटा गेला होता.

पान उलटताना त्याच्या अंगठ्याला खडबडीत लागलं. पुढच्या कोऱ्या पानावर, वरच्या पानावर कुणीतरी दाबून लिहिल्यासारखे खोलगट वळ होते. शाई नव्हती. वळ बरोबर दुसऱ्या सहीच्या जागेखाली होते.

शीना दाबून लिहायची. तिची सही पुढच्या तीन पानांवर उमटायची, आणि त्यावरून त्याची तिच्याशी नऊ वर्षं कुरबुर चालली होती.

हे वळ कशाचेही असू शकतात, तो स्वतःला म्हणाला. वही खिशात दाबली गेली असेल. किल्ल्यांचे असतील. त्यावरून पेन्सिल आडवी फिरवली तर अक्षरं उठून आली असती. ही युक्ती त्यानं कित्येक गुन्ह्यांत वापरली होती. त्यानं पेन्सिल उचलली. मग ती परत खाली ठेवली.

"काय रे, आज पानावर ऊन पडलं का?" दारातून बारचा आवाज आला. वुली बार पाठीला हात लावून वाकडा उभा होता. उन्हाळ्यात ॲबरडीनहून बदलून आलेला, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला, बोलायला लागला की न थांबणारा माणूस. शीनाला त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"पाठ कशी आहे?"

"पाठ आहे, एवढंच. बायको म्हणाली, घरात नुसता कण्हत पडण्यापेक्षा ठाण्यात जाऊन कण्ह." बार खुर्चीत सावकाश बसला. "म्हातारीनं काय पाहिलं?"

"गाडी."

"मग उचलूया की टॉशला."

"एकटी म्हातारी. एकटीचे डोळे."

 

४

गुरुवारी लॅमंट ऐलीच्या आईकडे गेला. जेसी रेनिक मासळीच्या त्याच शेडमध्ये काम करायची. हातांवर सुरीचे बारीक बारीक वण. घर टेकडीवर, दोन खोल्यांचं. ऐलीचा कोट दाराला अडकवलेला होता; त्या दिवशी ती दुसरा घालून गेली होती.

"त्याला शिक्षा होईल का?" असं जेसीनं विचारलंच नाही. लॅमंटनं उत्तर तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

ती म्हणाली, "मिस्टर लॅमंट, मी काही खुळी नाही. तेरा दिवस झाले. पोरगी जिवंत नाही हे मला पहिल्या रात्रीच कळलं. किटली ठेवली आणि कळलं."

"मिसेस रेनिक, अजून आपण..."

"नका बोलू तसं. मला ती घरी हवी आहे. कुठंतरी पावसात पडलीय पोर. तिला आणून मला तिच्या बापाशेजारी ठेवू द्या. बाकी तुमचं कोर्ट, तुमचे कायदे, ते तुम्ही बघा. एवढं कराल?"

लॅमंट कधी वचन देत नसे. त्यानं मान हलवली.

बाहेरच्या दरवाज्यापाशी, आत येण्याआधी कुणीतरी पायपुसण्यावर बूट घासतं तसा आवाज झाला. सावकाश, एक पाय, मग दुसरा. जेसीनं दाराकडे पाहिलं. लॅमंटनं उठून दार उघडलं. कुणी नव्हतं. पायपुसणं ओलं होतं, पण त्या गावात नोव्हेंबरात कुणाचं पायपुसणं कोरडं असतं?

गाडीत बसल्यावर त्यानं डावीकडची सीट हातानं चाचपून पाहिली. मग त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्यानं काच खाली करून चेहऱ्यावर पाऊस घेतला.

५

सोमवार, १४ नोव्हेंबर. दुपारी तीन. पाऊस, अंधारून आलेलं.

टॉशला पुन्हा एकदा विचारायचं ठरलं होतं. बार बरोबर होता. त्यानं वाटेत सॉसेज घातलेले दोन पाव घेतले. लॅमंटनं आपला कागद उघडला नाही.

"तू हो पुढं, दारात उभा राहा," बार म्हणाला. "मी गाडी कडेला लावतो आणि येतो. चार मजले म्हणजे माझ्या पाठीची अंत्ययात्राच. थांब हं, एकटा जाऊ नकोस."

"थांबतो."

आणि तो खरंच थांबणार होता. जिन्याच्या तळाशी, जिथं ती पडली होती तिथून दोन पावलं बाजूला, भिंतीला खांदा लावून तो उभा राहिला. इथं येताना तो फरशीकडे बघत नसे. जिन्यात कोबीचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. वर कुणाकडेतरी रेडिओ लागलेला होता, मग तोही बंद झाला.

तेव्हा त्याला वर जाणारी पावलं ऐकू आली.

त्याच्या पुढं, अर्ध्या मजल्यावर. जड, घाई नसलेली. उजवा पाय. मग डावा, आणि डाव्याबरोबर कुईं.

लॅमंटचा हात कठड्यावर गेला. कुणाचेही बूट वाजतात, तो स्वतःला म्हणाला. ओलं कातडं वाजतंच. या इमारतीत सोळा बिऱ्हाडं आहेत. पावलं पहिल्या मजल्यावर पोचली, तिथं क्षणभर थांबली, जशी शीना धाप लागली की थांबायची, आणि पुन्हा निघाली. उजवा. डावा, कुईं. दुसरा मजला.

ती एकटी वर चालली होती. टॉशच्या दारात. पुन्हा.

बारची वाट बघावी, हे त्याला कळत होतं. नियम काय आहे ते या गावात त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पण पाय कधी निघाले हे त्याला पुढं कधीच आठवलं नाही. तो दोन दोन पायऱ्या चढत होता, ओरडत होता, "थांब, मी येतो, थांब!" आणि पावलं आपल्या संथ चालीनं त्याच्यापुढं एक मजला राहून चालली होती.

चौथ्या मजल्यावर कुणी नव्हतं. टॉशचं दार किलकिलं होतं.

टॉश स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. रुंद, लाल मानेचा, नखांत कोळसा. त्यानं लॅमंटला पाहिलं, मग त्याच्या मागं पाहिलं आणि हसला.

"एकटाच?" तो म्हणाला. "शेजारी कुठाय तुझा? एकटा पोलीस म्हणजे अर्धा पोलीस. अर्ध्या पोलिसाला मी चहासुद्धा देत नाही. खाली पाव खातोय काय तोही? तुमच्यात एक जण नेहमी पावच खात असतो."

लॅमंटला दम लागला होता.  त्यानं वही काढली, कारण हातात दुसरं काही नव्हतं. खिडकीबाहेर अंधारलेलं होतं, आत दिवा लागलेला, त्यामुळे काचेत खोलीच दिसत होती: टेबल, टॉश, तो स्वतः.

मग टॉशचं हसू गेलं. हळूहळू गेलं, कुणीतरी काढून घ्यावं तसं. तो लॅमंटच्या खांद्यावरून दाराकडे पाहत होता.

"हिला बाहेर काढ," तो म्हणाला.

लॅमंट वळला नाही. त्याच्या मागं, अगदी जवळ, चार मजले चढून आलेल्या माणसाचा श्वास चालला होता. फरशीवर पाण्याचा थेंब पडला. मग दुसरा.

"कुणाला?" लॅमंटनं विचारलं. त्याचा आवाज नेहमीसारखा निघाला, याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

"लिही," टॉश म्हणाला. तो खुर्चीसकट मागं सरकला, भिंतीला टेकला. "काय लिहायचं ते लिही आणि हिला ने. कालव्याच्या वाटेवर दुसऱ्या पुलाखाली दगडी हौद आहे, बंद पडलेला. झाकण लोखंडी. तिथं आहे ती. किंचाळली म्हणून... मला नुसतं गप्प करायचं होतं. लिहिलंस? माझ्याकडे अशी बघू नकोस गं. तुलाही मी... पायरी ओली होती, मी नुसता हात लावला. नुसता हात लावला तुला."

लॅमंटनं लिहिलं. टॉशनं शब्द ज्या क्रमानं सांगितले त्याच क्रमानं. लिहिता लिहिता त्याची नजर एकदाच वर गेली, खिडकीच्या काचेकडे. काचेत दारापाशी गडद रेनकोटाचा एक खांदा होता, पाणी निथळणारा, आणि गालाला चिकटलेले केस. चेहऱ्याची दुसरी बाजूही काचेत असणार. तिकडे त्यानं पाहिलं नाही.

त्यानं वही टॉशपुढे ठेवली. टॉशनं सही केली.

धापा टाकत बार वर पोचला तेव्हा खोलीत दोघंच होते. "एकटा कशाला आलास रे?" बार ओरडला. मग त्यानं टॉशचा चेहरा पाहिला आणि बेड्या काढल्या.

६

मंगळवारी सकाळी अकराला हौदाचं झाकण काढलं. ऐली रेनिक तिथं होती.

इन्स्पेक्टर मॅकवीनं दुपारी दार लावून घेतलं. "टॉश बोलला तेव्हा तुझ्याबरोबर कोण होतं?"

लॅमंटनं वही टेबलावर ठेवली. दुसऱ्या सहीच्या जागी काही नव्हतं. म्हणजे शाई नव्हती.

"मी होतो," बार म्हणाला. "दाराबाहेर होतो. शब्द न् शब्द ऐकला."

"वुली," लॅमंट म्हणाला.

"गप रे. दीड वर्ष राहिलंय माझं, माझं काय वाकडं होणार? आण ती वही." बारनं पेन काढलं. "त्या पोरीच्या आईकडे बघून तरी."

लॅमंटनं पानावर तळहात ठेवला. हाताखाली त्याला ते खोलगट वळ लागले, या पानावर आधीपेक्षा खोल. "इथं जागा नाही," तो म्हणाला.

मॅकवीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, मग कपाळ चोळलं. "ठीक आहे. म्हातारीनं गाडी पाहिली, तो एक आधार. तुझी वही आणि हौद, तो दुसरा. एकाला एक जोडून उभं राहतंय. म्हातारी टिकली पाहिजे आणि तू टिकला पाहिजेस. कळलं? साक्षीत सरळ सांग, म्हातारीकडे मी एकटा गेलो, टॉशकडे मी एकटा गेलो. चूक झाली म्हण. चूक चालते. घोळ चालत नाही."

७

मंगळवार, २८ फेब्रुवारी १९९५. गारा, मग ऊन, मग पुन्हा गारा.

मिसेस डॉखर्ट साक्षीच्या पिंजऱ्यात नवी टोपी घालून उभी होती. गाडी, फुटका दिवा, साडेपाच. ती जराही डळमळली नाही. टॉशचा वकील मिस्टर ऑर मऊ आवाजाचा माणूस होता. त्यानं तिचं कौतुक केलं.

"आणि आठ नोव्हेंबरला तुमच्याकडे किती पोलीस आले, मॅडम?"

"दोन."

"नक्की?"

"मी चहा दिला की त्यांना. हे साहेब, आणि त्या बाई. डोकं भिजलेलं होतं बाईंचं. मी टॉवेलसुद्धा दिला असता, पण त्या काही बोलल्याच नाहीत."

ऑरनं ज्यूरीकडे पाहिलं. पंधरा माणसं. त्यांतल्या दोघांनी मान खाली घातली.

मग लॅमंटला बोलावलं. न्यायमूर्तींच्या मागोमाग त्यानं उजवा हात वर करून शपथ उच्चारली. समोर प्रेक्षकांत जेसी रेनिक बसली होती, वणांचे हात मांडीवर ठेवून. मॅकवी तिच्यामागं. मॅकवीनं त्याला बारीक मान हलवून सांगितलं: सरळ.

"सार्जंट, आठ नोव्हेंबरला मिसेस डॉखर्टकडे तुम्ही एकटे होता, की म्हातारबाई म्हणतात तसं दोघं?"

एकच शब्द बोलायचा होता. म्हातारी मोजण्यात चुकली, एवढंच ज्यूरीनं धरलं असतं. वय झालंय, पण डोळे चांगले आहेत, असं म्हणून गाडीवर विश्वास ठेवला असता. वही टिकली असती. टॉश गेला असता.

लॅमंटनं तोंड उघडलं. त्याच्या मागं, पिंजऱ्याच्या लाकडी पायरीवर, कुणीतरी पाय बदलून उभं राहिलं. डावा पाय.

मागच्या वर्षी चौकशीत त्यानं म्हटलं होतं, ती एकटी होती. तेव्हा ते खरं होतं आणि तो अपराध त्याचा होता. आज तोच शब्द पुन्हा काढायचा, ती इतक्या जवळ उभी असताना.

"दोघं," तो म्हणाला.

ऑरलाही हे अपेक्षित नव्हतं. "आणि चौदा तारखेला, माझ्या अशिलाच्या घरी?"

"दोघं."

"दुसरं कोण होतं, सार्जंट?"

"डिटेक्टिव्ह सार्जंट शीना गिलिस."

कोर्टात कुणीतरी पेन खाली ठेवल्याचा आवाज झाला. ऑरनं पुष्कळ हळू आवाजात विचारलं, "त्या हयात आहेत का?"

"नाही," लॅमंट म्हणाला. "मागच्या वर्षी सतरा फेब्रुवारीला वारल्या. मी गाडीत होतो."

आरोपीच्या पिंजऱ्यात टॉश एकटाच त्याच्याकडे बघत नव्हता. तो लॅमंटच्या बाजूला बघत होता, आणि मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पण ज्यूरी तेव्हा लॅमंटकडे बघत होती.

८

गुरुवारी न्यायमूर्तींनी ज्यूरीला वहीतला पुरावा बाजूला ठेवायला सांगितलं. शुक्रवारी, ३ मार्चला, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी निकाल आला: सिद्ध झालं नाही. बहुमतानं. टॉश साडेतीनला मोकळा होऊन कोर्टाच्या पायऱ्या उतरला.

मॅकवी लॅमंटशी बोलला नाही. बारनं त्याला कोट घालायला मदत केली, लहान मुलाला करतात तशी, आणि म्हणाला, "चल, घरी सोडतो." तेवढ्यात जेसी रेनिक समोर आली. तिचे डोळे कोरडे होते.

"मिसेस रेनिक," लॅमंट म्हणाला, "मी तुमचं..."

"तुम्ही तिला आणलंत," ती म्हणाली. "मी मागितलं होतं ते आणलंत." तिनं पर्समधून दोन छोटी कार्डं काढली. दफनाच्या वेळी पेटी खाली सोडताना कुणी कोणती दोरी धरायची, ते लिहिलेली कार्डं तिकडं घरचे लोक आधीच वाटतात. एकावर पाच लिहिलं होतं, एकावर सहा.

"पाच तुमची," जेसी म्हणाली.

लॅमंट दुसऱ्या कार्डाकडे पाहत राहिला.

"इतकी भिजली, इतके जिने चढली माझ्या पोरीसाठी," जेसी म्हणाली. "तिला मान नको?"

लॅमंटच्या वहीतली शेवटची नोंद अशी आहे:

गुरुवार, ९ मार्च १९९५. सकाळी धुकं, नंतर कोरडं. वारा नाही. टेकडीवरची दफनभूमी. ऐली मार्गारेट रेनिक हिला तिच्या वडिलांशेजारी ठेवलं. दोऱ्या आठ, धरणारे सात. सहा नंबरच्या जागी कुणी दिसत नव्हतं. आठही दोऱ्या ताणलेल्या होत्या. पेटी कुठंही न कलता अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तळाला टेकली.